जावेचं दूध

“घे गं, तुझा पदर भिजून राहिलाय,” म्हणत शरणम्मानं धाकट्या सुनेचं लेकरू उचललं आणि थोरल्या सुनेच्या मांडीवर ठेवलं. “त्याच्या मायला दूध उतरंस्तवर तूच पाज.”

तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या वॉर्डात सकाळची झाडलोट चालली होती. शेजारशेजारच्या खाटांवर या दोघी जावा होत्या. थोरली सिंधू. तिचं हे दुसरं बाळंतपण, सुखरूप झालेलं. खरं तर तिला घरी सोडायचं होतं. पण तेवढ्यात धाकट्या साक्षीला कळा लागल्या, ती अडली, पोट कापावं लागलं, आणि दोघींना एकदमच न्यावं म्हणून सासूनं सिंधूलाही थांबवून घेतलं. साक्षी अजून ग्लानीत होती. तिचं लेकरू पहाटेपासून ओठ हलवत रडत होतं.

शरणम्माच्या घरात ही रीतच होती. तिच्या पोरांना तिच्या जावेनं पाजलं होतं, जावेच्या पोरांना तिनं. एका दुधावर वाढलेली चुलतभावंडं पुढं बांधावरून भांडत नाहीत, असं ती धरून चालायची.

सिंधूनं लेकरू घेतलं, पण पदर सरकवला नाही. तिनं मान वर केली आणि पलीकडच्या खाटेपाशी सलाइन लावणाऱ्या विशाखा सिस्टरकडे पाहिलं.

सिंधूला दिवस गेले तेव्हाच्या तपासणीत तिच्या रक्तात एचआयव्ही निघाला होता. मग नवऱ्याला, दयानंदला, बोलावून तपासलं, तर त्यालाही होता. घरात त्या दोघांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं. वॉर्डात ते माहीत असलेली विशाखा सिस्टर एकटीच. सिंधूच्या गोळ्या वेळेवर चालू झाल्या होत्या, म्हणून तिनं स्वतःच्या लेकराला पाजायला डॉक्टरांची ना नव्हती. त्या लेकराला रोज थेंबाथेंबानं एक औषध दिलं जात होतं. शरणम्मा ते ताकदीचं औषध समजत होती. साक्षीच्या लेकराला ते औषध नव्हतं.

सिस्टरनी हातातलं काम तसंच ठेवलं, खाटेपाशी आल्या आणि सिंधूच्या मांडीवरून लेकरू उचललं.

“हिचं दूध ह्या लेकराला द्यायचं न्हाई.”

आवाज नेहमीसारखा हळूच होता. पण झाडू नेमका थांबला होता, आणि सगळ्या वॉर्डानं ते वाक्य ऐकलं.

“का म्हून?” शरणम्मानं विचारलं. “इख हाय का तिच्या दुधात?”

“मी पावडरीचं दूध करून देते. चमच्यानं पाजू.”

“ते न्हाई इचारलं मी. परवा त्या किनवटच्या बाईचं जुळं रडत होतं, तवा तुमीच एक लेकरू उचलून शेजारच्या बाईला पाजाया दिलं. ह्या डोळ्यांनं बघितलं मी. लई चांगलं केलं म्हनले बी होते. तिचं चाललं, माझ्या सुनंचं चालंना?”

हे खरं होतं. कुणाचं दूध कुणाच्या लेकराला न तपासता देऊ नये, हे विशाखा सिस्टरना प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. पण वॉर्डात वर्षानुवर्षं बायका एकमेकींची लेकरं पाजत आल्या होत्या, आणि पावडरीच्या डब्यापेक्षा ते बरं म्हणून सिस्टरच पुढाकार घेत. बाईची तपासणी आधीच झालेली असे, कागद त्यांनी स्वतः पाहिलेला असे, एवढा त्यांचा त्यांच्यापुरता नियम. आज तो नियम सांगायची सोय नव्हती.

त्यांनी लेकराला छातीशी धरलं आणि त्या दूध करायला गेल्या. मागून शरणम्मा बोलतच होती. सिंधू गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसली होती, आणि तिचा पदर खरोखरच भिजत होता.

*

चमच्याचं दूध लेकरानं अर्धंमुर्धं बाहेर टाकलं. दुपार कलताना ते मलूल झालं, तेव्हा त्याला गाडीत घालून नांदेडला नेलं. तिथं ते सुधारलं आणि काही दिवसांनी साक्षीच्या अंगावर पीत घरी आलं. पण तोवर सिस्टरचं वाक्य लोह्याच्या बाजारापर्यंत पोचलं होतं. साक्षीच्या माहेरची माणसं किल्लारीहून जीप करून आली. त्यांनी लेकराला पाहिलं, चहा घेतला आणि शेषेरावांना, म्हणजे शरणम्माच्या मालकांना, एकच विचारलं: “थोरलीच्या दुधात काय हाय ते सांगा. एकाच चुलीवर आमची पोर नांदायची हाय.”

शेषेराव मागं सरपंच राहिलेले. घराच्या नावाला जपणारा माणूस. त्यांनी सिंधूला काही विचारलं नाही, दयानंदलाही नाही. त्यांनी तक्रार केली. एक जिल्ह्याला, एक नर्सच्या नोंदणीचं काम पाहणाऱ्या राज्याच्या परिषदेला. सिस्टरनी विनाकारण आमच्या सुनेचा चारचौघांत अपमान केला, भुकेलं लेकरू तिच्या मांडीवरून हिसकलं, आणि त्या उपासानं लेकरू मरता मरता वाचलं.

मोठ्या डॉक्टरांनी विशाखा सिस्टरना खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

“ताई, बसा. का ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे.”

“हो.”

“पण मला बोलता येत नाही आणि तुम्हालाही नाही.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दोन ओळी लिहून द्या. माझ्याकडून विनाकारण बोललं गेलं, मी दिलगीर आहे. मी शेषेरावांशी बोलतो. ते मागं घेतील.”

“त्यांच्या मनाला लागलं, त्याचं मला वाईट वाटतंय, हे लिहिते. ते खरं हाय.”

“आणि विनाकारण?”

“ते कसं लिहू साहेब?”

“त्यांना तेवढाच शब्द पाहिजे आहे हो.”

विशाखा सिस्टर उठल्या. दार उघडताना त्यांच्या लक्षात आलं की आज सकाळपासून त्या खाली बसल्या नव्हत्या, आणि बसल्या तर डॉक्टरांच्या खोलीतच. पुढच्याच आठवड्यात त्यांना बाळंतिणींच्या वॉर्डातून काढून लसीच्या टेबलावर बसवलं. तक्रार मिटेपर्यंत, असं सांगितलं.

*

घरी सिस्टरचे मालक साहेबराव होते. यष्टीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, सकाळी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी विहाराच्या पायरीवरच्या गप्पा, एवढाच आता त्यांचा रूट.

“मग काय कारण होतं?” त्यांनी भाजी निवडता निवडता विचारलं.

“हाय एक.”

“मला बी न्हाई सांगनार?”

“तुमाला तर आधीच न्हाई.”

“का? मी काय गावभर बोंबलत फिरून राहिलो का?”

“तुमच्या तोंडाला थांबाच न्हाई. जिथं मानूस हात करतंय तिथं उतरवून मोकळे.”

साहेबराव हसले. मग हसू विरल्यावर म्हणाले, “लई वर्षं सरली तुझी ह्या नोकरीत. निवृत्तीला किती राहिलंय? ह्या वयात इन्क्वायरी. अन् तू गप.”

विशाखा रोज सकाळी आंघोळ झाल्यावर, काही तोंडात घालण्याआधी, बुद्धरूपासमोर मेणबत्ती लावून त्रिसरण आणि पंचशील म्हणायची. पौर्णिमेला अष्टशील, त्या दिवशी दुपारनंतर अन्न नाही, ड्युटी असली तरी नाही. हे लग्नाच्या आधीपासूनचं. पाचांतलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते तिनं इतकं मनावर घेतलेलं, की वॉर्डातल्या पोरी एकमेकींना सांगत, सिस्टरला नवी साडी दाखवायची नसती गं, उगं दिवस खराब जातो.

लसीच्या टेबलावरची एक पोरगी तिला म्हणाली होती, “सांगून टाका ना सिस्टर, तिला खोकला होता म्हणून. कोण तपासायला बसलंय?” विशाखानं तिच्याकडे फक्त पाहिलं होतं. रागानं नाही. असं चटकन सुचणारी माणसं किती सुखी असतील, असं काहीसं तिच्या मनात आलं होतं.

परिषदेचं बोलावणं यायला वर्ष होत आलं. ते आल्यावर ती रजा टाकून लातूरला गेली. तिच्या भावाचा मुलगा आनंदराज तिथं वकिली करायचा. त्याच्या ऑफिसात पंखा होता, पण लाइट गेलेली.

“आत्या, नाव सांगू नका,” तो आधीच म्हणाला. “कुणाचं, काय, मला काहीच नको. मी विचारतो तेवढंच सांगा. त्या बाईला असं काही होतं का, की जे सांगायला कायद्यानं बंदी हाय?”

“मी हो म्हनले तर ते सांगितल्यासारखंच झालं की रे.”

आनंदराजनं हातातलं पेन खाली ठेवलं. “बरं. मग मी माझ्या मनानं बोलतो, तुमी नुस्तं ऐका. परिषद राज्याची. तिनं कारण विचारलं, तर तुमाला सांगावं लागतं. न्हाई सांगितलं, तर गैरवर्तन धरतील आणि नोंदणी थांबवतील. नोंदणी नसली तर तुमाला नर्स म्हणून सुई बी हातात धरता यायची न्हाई. हे एका बाजूला. आता काही आजार असे हायत, की त्यांचा कायदा दिल्लीचा. त्यात त्या माणसानं समजून-उमजून लेखी संमती दिली, न्हाईतर कोर्टानं हुकूम केला, तरच तोंड उघडता येतं. चौकशी समिती म्हंजे कोर्ट न्हाई.”

“म्हंजे एकानं बोल म्हनायचं, एकानं बोलू नको.”

“तसंच. ह्यातून वाट एकच. त्या बाईची सही आणा. मग मी अर्ज देतो, घरच्यांना बाहेर काढून बंद खोलीत ऐका म्हणून. दहा मिनिटांचं काम. तुमी सुटल्या.”

“अन् ती?”

“ती बी सुटली. समितीतली माणसं बाहेर बोलत नसतात.”

“घरच्यांना बाहेर का काढलं, हे घरचे इचारतील ना रे.”

आनंदराजनं त्यावर पाणी मागवलं. निघताना त्यानं तिला बसस्टँडवर सोडलं, खिडकीची जागा पकडून दिली. अहमदपूर येईपर्यंत ती झोपून गेली. अशी झोप तिला बऱ्याच दिवसांत लागली नव्हती. सही मागायला काय हरकत आहे, एवढाच एक विचार घेऊन ती झोपली होती.

*

सिंधू आपणहून आली. लसीचा दिवस होता, वऱ्हांड्यात बायकांची आणि रडण्याची दाटी. शरणम्मा तिच्यासोबत आली होती, पण टेबलाशी विशाखा सिस्टर दिसल्यावर ती तोंड फिरवून बाहेर झाडाखाली जाऊन बसली. सिंधूचा नंबर आला. लेकरू आता बाळसेदार झालं होतं, कंबरेला करदोटा, कपाळाला तीट.

“मांडी घट्ट धर,” सिस्टर म्हणाल्या.

सुई टोचली. लेकरानं टाहो फोडला, आणि त्या आवाजाच्या आडून सिंधू बोलायला लागली. मान खाली, ओठ जेमतेम हलत होते.

“बाई, माझी जबानी घेनार हायत नांदेडला.”

“माहीत हाय.”

“मामंजी म्हनतेत तसंच सांगावं लागनार मला.”

“काय म्हनतेत?”

“तुमी लेकरू हिसकलं. माझ्याकडं बघून अभद्र बोललात.”

सिस्टरनी कापसाचा बोळा दाबून धरला. “मी अभद्र बोलले का गं?”

“न्हाई.” तिचे डोळे भरले होते, पण भोवती बायका होत्या म्हणून तिनं ते पुसले नाहीत. “तुमी न्हाई उचललं असतं तर मी पाजलं असतं बाई. सासूसमोर माझ्यानं न्हाई म्हनवलं नसतं. मला रोज तेच सपान पडतंय, की मी पाजून राहिले.”

“नको आठवू ते.”

“किल्लारीवाले अजून येतेत. साक्षीचा भाऊ तर माझ्या हातचं पानी बी घेत न्हाई. मामंजी म्हनतेत, एकदा का सिस्टरचीच चूक हाय असं सरकारनं लिहून दिलं, की त्यांचं तोंड बंद. तुमची चूक निघाली तरच माझं निभतंय बाई. अन् तुमी मला काय वाईट केलंय? तुमी तर...”

लेकराचं रडणं उतरत चाललं होतं. सही हा शब्द विशाखाच्या जिभेवर होता. तो तिनं लातूरपासून जपून आणला होता.

“थोरला शाळेत जातो का?” तिनं विचारलं.

“पैलीत हाय. त्याची रक्ताची तपासणी चांगली आली बाई. त्याला काई न्हाई. तो तर समद्यांचा लाडका हाय. साक्षीच्याच ताटात जेवतो.”

विशाखानं लेकराच्या मांडीवरचा बोळा काढला. रक्त थांबलं होतं.

“सुजलं तर चोळू नको. ताप आला तर ही गोळी अर्धी करून दे.” मग हळूच, “तुझ्या गोळ्या?”

“चालू हायत. नांदेडला जाऊन आनते. घरी कंबरंचा विलाज सांगितलाय.”

“मोडू नको.”

“न्हाई.”

“पुढं सरक आता. मागच्या बाया थांबल्यात.”

*

चौकशी नांदेडला एका सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबलापलीकडे तीन माणसं. मध्ये अध्यक्ष मॅडम, पांढरे केस, मऊ आवाज, स्वतःही कधीकाळी वॉर्डात उभ्या राहिलेल्या असाव्यात. अलीकडच्या खुर्च्यांवर शेषेराव, शरणम्मा, मांडीवर लेकरू घेतलेली सिंधू, आणि वार्ता काढायला आलेला साक्षीचा भाऊ. दयानंद वर आलाच नाही. तो खाली पानटपरीजवळ उभा होता. विशाखा आणि साहेबराव येताना त्यांना तो दिसला होता, आणि त्यानं पाठ केली होती.

आनंदराजचा अर्ज तिनं देऊ दिला नव्हता. तो रागावून लातूरलाच राहिला.

सिंधूनं जबानी दिली. पाठ केलेलं बोलल्यासारखं, एका दमात. शेषेराव मान हलवत होते.

“सिस्टर हनमंते,” अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, “तुमचं सगळं रेकॉर्ड मी पाहिलं. इतक्या वर्षांत एक तक्रार नाही. म्हणून मला कळत नाही. त्याच आठवड्यात तुम्ही स्वतः दुसऱ्या बाईला दुसरीचं मूल पाजायला दिलं होतं. मग इथंच का अडवलंत?”

विशाखा त्यांच्यापुढच्या कागदांकडे बघत होती.

“काही कारण होतं का?”

“कारण होतं मॅडम.”

“काय?”

“ते मला सांगता येत नाही.”

पंख्याखाली कागद फडफडत होते, त्यावर कुणीतरी पेपरवेट ठेवला. शेजारचे सदस्य मॅडमच्या कानाशी वाकले. मॅडमच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं झालं, आणि त्यांचा आवाज आणखी मऊ झाला.

“सांगता येत नाही, असं नर्स म्हणते तेव्हा त्याचा एक अर्थ असतो, तो आम्हाला समजतो. मी तपशील विचारत नाही. पेशंटच्या तब्येतीसंबंधी काही होतं का? तुम्ही फक्त हो म्हणा. आम्ही पुढं काही विचारणार नाही.”

त्या बाई भल्या होत्या. त्यांनी दार उघडून धरलं होतं, विशाखानं नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. पण साक्षीचा भाऊ खुर्चीत पुढं सरकला. शेषेरावांची मान हलायची थांबली, आणि वर्षभरात पहिल्यांदाच ते आपल्या थोरल्या सुनेकडे वळून पाहायला लागले. सिंधूची मान खाली होती. लेकराच्या पाठीवर थोपटणारा तिचा हात तिथंच थांबला होता.

गप्प राहणं म्हणजे लपवणं, असं विशाखा इतके दिवस मानत आली होती. आता तिच्या गप्प राहण्यानंच सांगून होत होतं. आणखी थोडा वेळ ती गप्प राहिली, तर खोलीतल्या सगळ्यांना कळणार होतं.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही?”

“तिच्या तब्येतीचं काही नव्हतं. बाई ठणठणीत हाय.” स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. “आदल्या दिवशी वॉर्डात गर्दी करण्यावरून माझं अन् ह्या आजींचं वाजलं होतं. मी दमलेली होते. तो राग माझ्या डोक्यात होता. तो मी सुनंवर काढला. कारण सांगायची लाज वाटत होती म्हणून सांगत नव्हते.”

“बगा,” शेषेराव खुर्चीला टेकत म्हणाले. “आमी हेच सांगून राहिलो होतो.”

शरणम्मा मात्र सिस्टरकडे बघत होती. आदल्या दिवशी काही वाजलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. तिनं तोंड उघडलं, मालकांकडे पाहिलं आणि पदर सारखा करून ती गप्प बसली.

“रागाच्या भरात भुकेल्या मुलाला अडवलंत,” मॅडम म्हणाल्या. मऊपणा गेला होता. “हे तर फारच वाईट आहे, सिस्टर.”

“हो मॅडम.”

सिंधूचा हात पुन्हा हलायला लागला.

जिना उतरताना साहेबरावांनी तिची पिशवी घेतली. बसमध्ये तिकीट काढल्यावर म्हणाले, “कुनाशी वाजलं होतं गं तुझं? तुला भांडता येतंय का?”

तिनं खिडकीकडे तोंड केलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मेणबत्ती लावली आणि पंचशील म्हटलं. चौथ्यापाशी आवाज चिरकला, तरी म्हटलं. शील मोडलं तर ते पुन्हा घ्यायचं असतं, एवढं तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. पण पुन्हा तशीच वेळ आली तर आपण तेच बोलू, हेही तिला कळत होतं, आणि ते कळत असताना शील घेणं तिला जड गेलं.

*

हुकूम आला. सहा महिने नोंदणी स्थगित. तेवढे महिने दवाखान्यात पाऊल टाकायचं ते पेशंट म्हणूनच.

आणि तशीच ती गेली, रक्तदाबाच्या गोळ्या आणायला. रांगेत उभी राहून चिठ्ठी काढली. वॉर्डातल्या पोरींनी आत बोलावलं, खुर्ची दिली. ती नको म्हणाली आणि ओपीडीच्या बाहेरच्या बाकावर बसून राहिली. समोरच तपासणी आणि सल्ल्याची खोली होती, दारावर हिरवा पडदा. तिथली समुपदेशक मनिषा पूर्वी रोज तिच्याच डब्यातलं खायची.

पडदा हलला तेव्हा तिला आत सिंधू दिसली. शेजारी दयानंद, टोपी हातात घेतलेला. सिंधूच्या मांडीवर लेकरू, आता चांगलं चालतं-बोलतं. त्याचं वय काय झालं असेल, याचा विशाखाला हिशोब करावा लागला नाही. दीड वर्षाचं झाल्यावर शेवटची तपासणी होते. अंगावरचं तोडल्यावर, थेंबाचं औषध थांबल्यावर. तिचा निकाल आला, की मग लेकराला आजार आहे का नाही ते पक्कं कळतं.

विशाखा उठून नळापर्यंत गेली, पाणी प्यायली आणि पुन्हा येऊन बसली.

थोड्या वेळानं मनिषा बाहेर आली. सिस्टरना बघून थबकली, जवळ आली, शेजारी टेकली. तिच्या चेहऱ्यावरून काही समजू नये म्हणून विशाखा स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

“सिस्टर,” मनिषा अगदी हळू म्हणाली, “तुमाला एक...”

“सांगू नको.”

“तुमाला तर सांगायलाच पायजे. तुमच्याएवढं कुनी...”

“मनिषा, मी आता इथली न्हाई बाई. मी पेशंट हाय. मला सांगायचं न्हाई ते.” तिनं मनिषाच्या हातावर हात ठेवला. “जा. आतली मानसं थांबलीत.”

मनिषा नाक ओढून उठली आणि आत गेली.

पडदा पुन्हा हलला, तशी विशाखा बाकावरून उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीवर लसींचा तक्ता होता. त्यांना आपल्याशी बोलावं लागू नये, ओळख द्यावी लागू नये, म्हणून ती तो वाचायला लागली. जन्मल्यावर बीसीजी. मग दीड महिन्याची. मग अडीच.

मागून लेकराची पावलं आली. त्याच्या पायात चालताना चूं चूं वाजणारे नवे बूट होते. चूं चूं करत ते तिच्या पाठीशी आलं आणि थांबलं. तिच्या साडीचा काठ कुणीतरी मुठीत धरला. तिनं मान वळवली नाही. “चल,” असा सिंधूचा आवाज आला, आणि मूठ सुटली.

बूट वाजत वाजत वऱ्हांड्यातून पायऱ्यांकडे गेले. साडेतीन महिन्यांची. नऊ महिन्यांची, गोवरची. दीड वर्षाची. तक्ता संपला होता आणि बुटांचा आवाज अजून येत होता, म्हणून तिनं पुन्हा वरून वाचायला सुरुवात केली.